शेपूचा फेरा

पुण्याच्या मार्केट यार्डातले पालेभाज्यांचे भाव वर्तमानपत्रात छापून येतात, तेव्हा त्यांचा साचा ठरलेला असतो. वर 'शेकडा जुडी' असं लिहिलेलं आणि खाली नावांची रांग: कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात, चाकवत, करडई, पुदिना, अंबाडी, राजगिरा, चुका, पालक. कोथिंबीर शंभरीला पोचली की मथळा होतो. मेथी मातीमोल झाली आणि शेतकऱ्याने ती रस्त्यावर ओतली तरी मथळा होतो. शेपू त्या रांगेत मानाच्या जागी बसलेला असतो, पण त्याच्या महागाईने कुणाचा जीव कासावीस झाल्याचं सहसा वाचनात येत नाही. उलट, शेपू महागला म्हणून आज आणला नाही, असं घरातलं कुणी म्हणालं तर निम्मं घर मनातल्या मनात व्यापाऱ्याचे आभार मानतं.

हे निम्मं घर म्हणजे अर्थातच पोरंटोरं. मराठी मुलांच्या नावडत्या भाज्यांची यादी पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदललेली नाही. कारलं, शेपू, दुधी, पडवळ, सुरण. यातल्या बाकीच्यांचे गुन्हे समजण्यासारखे आहेत. कारलं कडू असतं, सुरण घशाला खाजतो, दुधीला स्वतःचं असं काही म्हणायचंच नसतं. शेपूचा गुन्हा वेगळ्या जातीचा. तो कडू नाही, तिखट नाही, बुळबुळीत नाही. त्याला फक्त वास आहे. पण तो असा, की भाजी फोडणीला पडली की दारातून आत येणाऱ्या मुलाला दप्तर खाली ठेवायच्या आधी कळतं, आज ताटात काय आहे. आणि जेवण झालं तरी प्रकरण संपत नाही. शेपूचे ढेकर संध्याकाळपर्यंत येत राहतात. शाळेच्या डब्यात शेपू नेणाऱ्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरीही चाळिशीच्या आसपासचे पुष्कळ लोक मंडईत शेपूच्या ढिगाशी रेंगाळताना दिसतात. बालपणी भाकरीखाली भाजी लपवणारे हेच लोक आता मूगडाळ आणि भरपूर लसूण घातलेल्या शेपूसाठी आग्रह धरतात. 'मोठं झाल्यावर चव कळते' असं म्हणून हा प्रश्न सोडवता येतो, पण शेपूच्या बाबतीत ते उत्तर अपुरं आहे. कारण शेपू मुलाच्या आयुष्यात ताटातून येतच नाही. तो त्याच्या कितीतरी आधी आलेला असतो.

मराठी बाळंतिणीची खोली आठवावी. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर धुरीसाठी टाकलेला ओवा, बाळंतशेप, लसणाची सालं. जेवणानंतर बाळंतिणीने चघळायची सुपारी, जिच्यात खरी सुपारी नावालाही नसते: भाजलेली बाळंतशेप, ओवा, तीळ, सुकं खोबरं, ज्येष्ठमध. ताटात शेपूची भाजी आणि बाजरीची किंवा ज्वारीची मऊ भाकरी, वर तुपाची धार. दूध यावं, वात धरू नये, पोट साफ राहावं, हा या सगळ्यामागचा हेतू. बाळंतशेप म्हणजे शेपूचंच बी. ज्या झाडाचा पाला घरातल्या मुलाला सहन होत नाही, त्याच झाडाचं बी त्याच्या आईने त्याच्या जन्मानंतर दिवसातून दोनदा चघळलेलं असतं.

ही पद्धत आजीच्या आजीपासूनची आहे असं म्हणणं म्हणजे तिचं वय फारच कमी सांगणं होईल. आयुर्वेदातल्या काश्यपसंहितेचा मुख्य विषयच कौमारभृत्य, म्हणजे बाळ आणि बाळंतीण. हा ग्रंथ अर्धामुर्धाच हाती आला. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांना मिळालेल्या जीर्ण ताडपत्रांवरून तो विसाव्या शतकात छापला गेला. जेवढा उरला आहे त्यात एक अख्खा अध्याय शतपुष्पा आणि शतावरी या दोन वनस्पतींवर आहे. शतपुष्पा म्हणजे शेपू. पाळीच्या तक्रारी, अपत्य न होणं, अशक्तपणा, अशा स्त्रियांच्या व्याधींवर हा अध्याय या दोघींची शिफारस करतो. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' रचला, तेव्हा शतपुष्पेला जागा मिळाली ती हिरडा, ओवा, जिरं यांच्या वर्गात, औषधांच्या पंगतीत. त्या पंगतीत तिचा मान मोठा होता.

शेपूचं औषधीपण फक्त आपलंच नाही. इजिप्तमध्ये दुसऱ्या आमेनहोतेप या फॅरोच्या थडग्यात शेपूच्या काड्या सापडल्या आहेत, इसवी सनापूर्वी 1400 च्या आसपासच्या. ज्यू धर्मशास्त्रात पिकाचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा नियम होता, त्यात शेपूचंही नाव येतं. ज्याच्यावर कर बसतो त्याला बाजारात किंमत असते, एवढं यावरून नक्की म्हणता येईल. आठव्या-नवव्या शतकाच्या संधीवर फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या जहागिरींमध्ये कोणकोणत्या वनस्पती लावाव्यात याची यादी केली गेली, तिच्यातही हा आहेच. भूमध्य समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत लोकांनी शेपूकडून एकच काम प्रामुख्याने करून घेतलं: पोटातला वारा बाहेर काढणं.

याच कामातून पुढे एक कारखाना उभा राहिला. इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा सखल, दलदलीचा मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे हिवतापाची साथ कायमची वस्तीला असे. तापाने बेजार झालेल्या तिथल्या मुलांना जे औषध देत, त्याने त्यांचं पोटही शांत होतं असं दिसून आलं. नॉटिंगहॅमचा औषधविक्रेता विल्यम वुडवर्ड याने ते हेरलं आणि 1851 मध्ये आपलं मिश्रण बनवलं. शेपूच्या बियांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि 3.6 टक्के मद्य. 1876 मध्ये 'ग्राइप वॉटर' हे नाव नोंदवलं गेलं. बाटलीवर बाळ हर्क्युलिस आला, दोन्ही हातांत साप आवळून धरलेला. हे चित्र जोशुआ रेनॉल्ड्सच्या प्रसिद्ध तैलचित्रावरून घेतलं होतं. ग्रीक पुराणाशी देणंघेणं नसलेल्या एखाद्या मराठी आजीला तो कालियामर्दन करणारा बाळकृष्ण वाटला असेल, तर त्यात तिची काहीच चूक नाही.

साम्राज्याबरोबर बाटलीही फिरली. हिंदुस्थानात ती रुजली ती मात्र देशी हातांनी. मद्रासच्या टीटीके समूहाने हे उत्पादन घरोघर पोचवलं. या समूहाचे संस्थापक टी. टी. कृष्णम्माचारी पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. इंग्लंडातल्या जाहिरातीची जुनी घोषणा अशी होती की आजीने आईला सांगितलं आणि आईने मला. दूरदर्शनच्या काळात भारतीय जाहिरातीने हीच कल्पना उचलून तिला आपल्या एकत्र कुटुंबात आणून बसवलं. बाळ रडतं, आणि एकामागून एक थोरल्या बायका येऊन सांगतात की तू लहान असताना मीही तुला हेच दिलं होतं. पणजीपर्यंत साखळी जाते. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही ती जाहिरात आठवत असते.

मराठी घरात या बाटलीची गाठ पडली ती बाळगुटीशी. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा यांचे मोजून वेढे द्यायचे, आईच्या दुधात कालवून चाटवायचं, हे काम जाणत्या हाताचं. वेढा जास्त झाला तर बाळ झोपूनच राहायचं. नोकरीसाठी मुंबई-पुण्यात आलेल्या जोडप्यांच्या दोन खोल्यांत सहाण असली तरी तो जाणता हात नसायचा. बाटली चमच्याने मोजता यायची, गोड होती, आणि मुख्य म्हणजे बाळ ढेकर देऊन गप्प व्हायचं. त्या गप्प होण्यात शेपूचा वाटा किती आणि मद्याचा किती, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. इंग्लंडात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून मद्य हद्दपार झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1993 मध्ये हा माल बंदरातच अडवायचा आदेश काढला. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, पाणीसुद्धा नाही. तरी औषधाच्या दुकानात ती बाटली अजून मिळते आणि नवी आजी ती अजून विकत घेते.

तर सांगायचं ते इतकंच, की मराठी मूल शेपूला पहिल्यांदा भेटतं तेव्हा त्याला दातही आलेले नसतात. कदाचित त्याच्याही आधी. हे 'कदाचित' तपासून पाहण्याचं काम फ्रान्समध्ये झालं आहे. बेनुआ शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्सास प्रांतातल्या गरोदर बायकांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांना शेवटच्या दिवसांत बडीशेपेसारख्या वासाच्या अ‍ॅनिसच्या चवीचे पदार्थ खायला दिले, दुसऱ्या गटातल्यांना नाही. जन्मानंतर काही तासांच्या बाळांसमोर तो वास धरला. पहिल्या गटातली बाळं त्याच्याकडे वळली, चोखल्यासारखं तोंड हलवू लागली. दुसऱ्या गटातल्या बाळांनी एक तर लक्ष दिलं नाही किंवा तोंड वाकडं केलं. हे संशोधन 2000 साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेत ज्युली मेनेला यांनी लसूण आणि गाजर घेऊन असेच प्रयोग केले. आईने खाल्लेल्या लसणाचा वास गर्भजलात उतरतो, दुधातही उतरतो, हे त्यांनी दाखवलं. आता गंमत अशी की अ‍ॅनिस, गाजर आणि शेपू एकाच कुळातले. छत्रीसारखा फुलोरा येणारं हे कुळ. ओवा, जिरं, धने, बडीशेप हे सगळे त्यातलेच. म्हणजे मराठी बाळंतिणीची सुपारी आणि फ्रेंच गरोदर बाईवरचा प्रयोग यांच्यात फरक फक्त वहीत नोंद ठेवण्याचा.

मग एवढी ओळख असताना पाचव्या-सहाव्या वर्षी मूल तोंड का फिरवतं?

साधारण दोन ते सहा या वयात मुलांना नव्या अन्नाचं भय वाटतं, हे जगभर दिसतं. मूल चालायला लागलं, हाताला लागेल ते तोंडात घालायला लागलं, की हा नकार त्याला विषारी पाल्यापासून वाचवत असावा, असा तर्क केला जातो. हिरवं, पानांचं आणि उग्र वासाचं, म्हणजे संशयिताची सगळी लक्षणं शेपूत एकत्र आली. शिवाय बाटलीतला शेपू गोड होता, दुधातला सौम्य होता. ताटातला मात्र उघडा, तेलात परतलेला, तिखटाच्या संगतीत. आणि ढेकर! पाळण्यात ज्या ढेकरेसाठी आई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती, तीच ढेकर आता वर्गात आली तर मान खाली घालावी लागते. शेपू आपलं काम पूर्वीसारखंच चोख करत असतो. काळवेळ तेवढी बदललेली असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी 1980 च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांतून एक साधी गोष्ट दाखवली. न आवडणारा पदार्थ मुलाने पुन्हा पुन्हा चाखला, दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त, तर त्याची नावड कमी होत जाते. नुसतं पाहून भागत नाही, जिभेला लागावा लागतो. 'एक घास तरी खा' म्हणणाऱ्या मराठी आईकडे विज्ञान नव्हतं, पण पद्धत बरोबर होती. तिचं चुकत होतं ते पुढच्या वाक्यात. 'खाल्ला नाहीस तर गोड मिळणार नाही' असं ती म्हणायची. बर्च यांच्याच कामातून असंही दिसलं की बक्षिसाच्या आमिषाने खायला लावलेला पदार्थ मुलाला आणखी नकोसा होतो.

पण शेपूच्या वाट्याला आलेली उपेक्षा फक्त मुलांची नाही. कारल्याला निदान भोंडल्याचं गाणं मिळालं. सून माहेरी जायला निघते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते; मग वेल उगवू दे, फुलू दे, कारलं येऊ दे, भाजी होऊ दे, अशी तिची अट एकेका कडव्यागणिक लांबत जाते. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या ज्या मुली हे गाणं गातात, त्यांच्यातली एकही घरी कारलं खात नसते. शेपूच्या नशिबी असं घरोघर पोचलेलं गाणं नाही. लग्नाच्या पंगतीत तो नाही. पाहुण्यांसाठी तो कुणी करत नाही. वांग्याचं भरीत, अळूचं फतफतं, मेथीची मुद्दाभाजी यांना जी कीर्ती मिळाली ती त्याला मिळाली नाही.

एक ठिकाण मात्र त्याचं हक्काचं आहे. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे, आणि पश्चिम महाराष्ट्रात इतरही अनेक घरांत, पहिल्या दिवशी त्यांना शेपूची भाजी आणि भाकरी वाढतात. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. याचं साधं कारण दिलं जातं ते असं, की गौर माहेरवाशीण आहे, लांबून चालून दमून आली आहे, आल्या आल्या तिला जड जेवण नको. खरंच तसंच असेल. पण काश्यपसंहितेतली शतपुष्पा, बाळंतिणीच्या ताटातला शेपू आणि माहेरी आलेल्या देवीपुढचा शेपू एका ओळीत ठेवले तर वेगळाच संशय येतो. माहेरी आलेली लेक आणि बाळंतपणाला आलेली लेक यांच्यात आपल्या घरांनी फार फरक केला नव्हता. जे लेकीला, तेच देवीला. हा तर्क आहे, पुरावा नाही. पण शेपू ही पिढ्यान्‌पिढ्या बायकांची भाजी राहिली, हे सांगायला पुरावा लागत नाही. पुरुष आणि मुलं जेवून उठल्यावर कढईत उरलेली भाजी ज्यांच्या वाट्याला येई, त्यांनीच ती जगवली.

ती बाजारात कशी पोचली, याचा धागा पुण्यात सापडतो. शेपू दीड महिन्यात काढणीला येतो, त्याला थंडी मानवते आणि पाणी वेळेवर लागतं. एकोणिसाव्या शतकात पुण्याची मंडई शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. खडकवासल्याचं धरण 1879 च्या सुमारास पुरं झालं, मुठेचा कालवा हडपसर, मांजरीच्या बाजूने वाहू लागला आणि शहराच्या पूर्वेला बागायत वाढली. या कालव्याच्या पाण्यावर मांजरीला शेती करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. ते त्या वेळी पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. नगरपालिकेने भाजीबाजारासाठी मोठी इमारत बांधायचं ठरवलं, तेव्हा तोच पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणून विरोध करणारेही तेच. विरोध टिकला नाही. 1886 मध्ये दगडी मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ते नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच आपलं नाव लागलेलं पाहून जोतीराव काय म्हणाले असते, हे विचारायचा मोह होतो. मेथी-शेपूच्या जुड्या बांधून पहाटे मंडई गाठणारे हडपसर-मांजरीचे माळी मात्र त्यांना आपलेच वाटले असते.

मोठेपणी शेपू आवडू लागण्याची सुरुवात बऱ्याचदा घर सुटल्यावर होते. वसतिगृहाच्या खानावळीत बटाटा, कोबी, बटाटा, वाटाणा असा आठवडा फिरत राहतो. शेपू तिथे येत नाही. कारण निवडायला वेळ लागतो, आणि शिजल्यावर जुडीभर पाल्याची वाटीभर भाजी होते. खानावळवाल्याला ते परवडत नाही. म्हणजे शेपू आपोआप घरचा पदार्थ होतो, फक्त घरचा. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला त्याचा वास आला की तो आता भाजीचा वास राहत नाही. इथे जिभेत काही बदल झालेला असेल-नसेल. दुसरा बदल अगदी व्यवहारातला आहे: माणूस स्वतः शिजवू लागतो. मग लक्षात येतं की शेपू एकच नाही.

मूगडाळ भिजवून, लसणाच्या खमंग फोडणीत केलेली कोरडी भाजी हा त्याचा सर्वात ओळखीचा अवतार. मराठवाड्यात आणि विदर्भात शेपूबरोबर आंबट चुका घालतात. चुक्याचा आंबटपणा शेपूच्या उग्रपणाला ताळ्यावर आणतो. तूरडाळ आणि दाणे घालून केलेल्या या पातळ भाजीबरोबर गरम भाकरी असेल तर दुसरं काही लागत नाही. ज्वारीच्या पिठात शेपू, लसूण, मिरची कालवून वाफवलेली फळं तेलाबरोबर खातात. थालीपिठात तो कांद्याच्या आड लपतो. कर्नाटकात त्याला सब्बसिगे म्हणतात आणि तिथे तो भाजीपुरता अडकून पडलेला नाही: इडलीत, अक्की रोट्टीत, डाळवड्यात त्याचा पाला सढळ हाताने पडतो. सीमेवरच्या मराठी घरांत ज्यांनी शेपू घातलेला वडा खाल्ला आहे, त्यांची शेपूबद्दलची तक्रार मुळातच कमी असते. महाराष्ट्राने शेपूला मूगडाळीशी फारच घट्ट बांधून ठेवलं, हे थोडं स्पष्टच बोलायला हवं. मुलांची नावड थोडीशी या एकसुरीपणाची देणगी आहे.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला हीच गोष्ट वेगळ्या वाटेने कळते. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या दुकानात 'डिल' नावाची नाजूक, विरळ पानांची छोटी जुडी मिळते. ती चुरगळली की नाकाला ओळख पटते, पण पूर्ण नाही. याला कारण आहे. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय शेपू युरोपच्या शेपूपासून वेगळा मानून त्याला 'अ‍ॅनेथम सोवा' असं नाव दिलं होतं. आजचे बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही एकाच जातीत घालतात, पण बियांच्या तेलातला फरक खरा आहे. युरोपीय बियांत कार्व्होन जास्त. भारतीय बियांत ते कमी आणि डिलॅपिओल नावाचं द्रव्य भरपूर. कार्व्होनचीही एक कथा आहे. त्याचे दोन रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. एकाचा वास शहाजिऱ्याचा आणि बाळंतशेपेचा, दुसऱ्याचा पुदिन्याचा. घटक तेच, संख्या तीच, फक्त वळण वेगळं, आणि नाक त्यांना पूर्ण निराळे ओळखतं. 1971 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं, तेव्हा वासाच्या शास्त्रात त्याची मोठी चर्चा झाली.

या युरोपीय शेपूला त्याच्या मुलखात औषधापलीकडची प्रतिष्ठा आहे. स्वीडनमध्ये मीठ-साखरेत मुरवलेल्या सामन माशावर तो हवाच. रशियात सूप, बटाटे, काकडी, मशरूम, कशावरही तो भुरभुरतात, इतका की परदेशी प्रवासी तिथे त्याला कंटाळतात. इराणमध्ये नवरोजच्या सुमारास कोवळे बाकल्याचे दाणे आणि मूठमूठ शेपू घालून भात करतात, बाघाली पोलो. बारीक चिरलेल्या शेपूने तो हिरवागार झालेला असतो आणि मटणाबरोबर मानाने वाढला जातो. पाहुण्यांसाठी शेपू करणारे लोक जगात आहेत, हे कळल्यावर मराठी माणसाला आधी नवल वाटतं आणि मग आपल्या जुडीबद्दल थोडा अभिमान.

भारतात बियांसाठी शेपू मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात पिकतो. स्पाइसेस बोर्डाच्या 52 मसाल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. अजमेरजवळ तबीजी इथे बियाणे-मसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथे 'अजमेर डिल-1' आणि 'अजमेर डिल-2' असे दोन वाण तयार झाले: पहिला युरोपीय धाटणीचा, दुसरा देशी. तेल काढायला, लोणच्यांच्या मसाल्याला, औषधांना, साबणाला यांचं बी जातं. पाल्याची बाजू मात्र अजून मंडईच्याच हाती आहे, जुडीच्या हिशेबात.

शहरांत आता दोन उलट गोष्टी एकदमच घडताना दिसतात. बाळंतिणीची सुपारी घरी भाजली जात नाही, तयार पाकिटात येते आणि अर्धी तशीच राहते. डॉक्टरांनी ग्राइप वॉटरला नकार दिला आहे. म्हणजे शेपूला नकळत भेटण्याच्या जुन्या वाटा बुजत चालल्या आहेत. दुसरीकडे मोठ्या दुकानांच्या थंड कपाटांत पारदर्शक डबीतला 'डिल' आला आहे, त्याच दुकानात चार पावलांवर शेपूची जुडी पडलेली असताना. बटाट्याच्या कापांबरोबर बुडवून खायच्या पांढऱ्या चटणीत, पाकिटातल्या वेफर्सवरच्या मसाल्यात तो वाळवून घातलेला असतो, आणि शेपूच्या नावाने नाक मुरडणारं मूल ते पाकीट तळापर्यंत चाटून खातं. आईबापांपैकी कुणी त्याला पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचून दाखवतं, कुणी मुद्दाम दाखवत नाही. ज्या दिवशी घरात शेपू होतो, त्या दिवशी अजूनही गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर बटाट्याच्या काचऱ्या असतातच.